पाण्याच्या गोट्या

गोटी म्हटले की काचेची गोटी आठवते. पण पाण्याची गोटी तुम्ही पाहिली आहे का? उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपडताना नीट पाहा. बारीक, कोरड्या धुळीवर पडलेले काही थेंब लगेच जिरत नाहीत. ते धूळ अंगाला लावून गोल होतात आणि घरंगळतात. पण क्षणभरच! धूळ भिजली की थेंब फुटतो.

आता न भिजणारी भुकटी घेतली तर? फ्रान्समधील शास्त्रज्ञ दाविद केरे आणि त्यांच्या सहकारी यांनी २००१ साली तसेच केले. त्यांनी लायकोपोडियम या वनस्पतीच्या बारीक बीजाणूंना सिलिकॉनच्या संयुगाचा लेप दिला आणि त्या भुकटीत पाण्याचा थेंब लोळवला. भुकटीचे कण थेंबाला बाहेरून चिकटले. कणांमुळे पाणी जमिनीला टेकतच नाही. म्हणून ही गोटी काचेवरूनही काच न भिजवता घरंगळते. गंमत म्हणजे ती पाण्यावर तरंगतेसुद्धा!

पण ही युक्ती माणसाच्या आधी एका किड्याला साधली आहे. युरोपात पॉप्लर नावाची झाडे आहेत. त्यांच्या पानांच्या देठांवर पोकळ गाठी येतात. त्या गाठींत मावा हा किडा राहतो. एका गाठीत कितीतरी किडे दाटीवाटीने राहतात. मावा झाडाचा रस पितो आणि शरीरातून गोड, चिकट पाणी बाहेर टाकतो. बंद घरात हे पाणी साठले तर किडे त्यात अडकून, बुडून मरतील. म्हणून मावा अंगातून मेणाची भुकटी सोडतो. चिकट थेंबावर ती बसते आणि त्याची कोरडी गोटी होते. मग लहान किडे त्या गोट्या ढकलत ढकलत गाठीच्या फटीतून बाहेर टाकतात. एवढासा जीव, पण घर कसे स्वच्छ!

माणसानेही या गोट्यांचे उपयोग शोधले. गोटीच्या भुकटीतून वायू आत जाऊ शकतो. आत रंग बदलणारे द्रावण ठेवले, तर हवेत अमोनिया आहे की नाही ते रंगावरून कळते. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात २०१२ साली रक्ताच्या थेंबाची गोटी करून रक्तगट ओळखण्यात आला. त्यासाठी रक्त थोडेच लागते आणि ते कशाला लागतही नाही.

अडचण एकच आहे. भुकटीतून वायू आत जातो, तशी पाण्याची वाफही बाहेर पडते. थोड्या वेळाने गोटी सुरकुतते आणि शेवटी नुसती भुकटी उरते.