जागरणाची परतफेड

डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथील रँडी गार्डनर या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने विज्ञान प्रदर्शनासाठी जागरणाचा प्रयोग आरंभिला व तो २६४ तास, म्हणजे अकरा अहोरात्र, जागा राहिला. निद्रातज्ज्ञ विल्यम डिमेंट यांनी अखेरच्या दिवसांत त्याचे निरीक्षण केले. बुडालेली झोप पाऊणशे तासांच्या घरात होती. प्रयोग संपल्यावर मात्र तो सलग झोपला तो सुमारे साडेचौदा तासच. त्यानंतर काही रात्री थोडी अधिक झोप, आणि मग सारे पूर्ववत. सावकाराचे कर्ज काही इतक्या स्वस्तात फिटत नाही!

याचे कारण असे की, मेंदू ही तूट तासांपेक्षा झोपेच्या खोलीने भरून काढतो. जागरणानंतरच्या निद्रेत मेंदूच्या मंद लहरी अधिक उंच व जोमदार होतात. गाढ निद्रेची भरपाई प्रथम होते. स्वप्ननिद्रेची पाळी सामान्यतः मागाहून येते.

तूट किती झाली, हे मेंदूस कसे कळते? जागेपणी पेशी ऊर्जा खर्च करीत असता ॲडिनोसीन हे द्रव्य साचते. १९९७ साली मांजरांवरील प्रयोगांत मेंदूच्या पुढील तळभागात ते जागरणासरशी वाढत जाऊन झोपेत ओसरताना आढळले. चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याचा संदेश केवळ अडवून धरते. साठा तसाच राहतो. २०२५ मध्ये उंदरांच्या थॅलॅमसमधील एक पेशीसमूह जागरणाने उद्दीपित होऊन दीर्घ, गाढ निद्रा घडवितो, असे दिसून आले. कौतुकाची गोष्ट ही की, तो चेतविताच उंदीर आधी अंग साफ करून घरटे नीट करू लागले.

झोपेची ही ओढ व शरीरातील दैनिक घड्याळ या दोन स्वतंत्र प्रक्रिया होत, अशी मांडणी झुरिच येथील अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेची किंवा वाहनचालकाची झोप दुपारी मोडते ती यामुळेच. ओढ पुरेपूर असते, पण घड्याळ जागे करीत असते.

थोड्या थोड्या जागरणाचा प्रकार अधिक फसवा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चौदा दिवस रोज सहाच तास झोपलेल्यांचे अवधान अखंड जागरण केलेल्यांइतके ढासळले. त्यांना विचारले असता, आपणांस किंचितच झोप येत आहे, असे ते सांगत होते.