कुंपणाची उंची : सावंतवाडीत किती, पेडण्यात किती?

इयत्ता : चौथी, पाचवी
विषय : गणित (लांबी मोजणे) आणि परिसर अभ्यास
साहित्य : मोजपट्टी, खडू, दोन बाक, पुठ्ठा, वही



या पाठाची सुरुवात पुस्तकातून झाली नाही. जून महिन्यात आमच्या शाळेतल्या तिसरीच्या एका मुलाला वळणावर मोटारसायकल घासून गेली. कोपर सोलपटलं, सायकलचं चाक वाकलं, त्यावरच निभावलं. गाडीवाला परत परत एकच सांगत होता, "भिंतीमुळे पोरगा दिसलाच नाही." ती भिंत आमच्याच घराची. आम्ही सावंतवाडीला राहतो आणि आमचं घर बरोबर दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे.

रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी विचारलं, "बाई, भिंत किती उंच बांधायची, याचा काही नियम असतो का?" मला सांगता आलं नाही. मग आम्ही शोधलं.

आधी नियम समजून घेऊ

महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका आणि काही मोजके भाग सोडून सगळीकडे एकच बांधकाम नियमावली आहे. तिचं नाव एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजेच यूडीसीपीआर. त्यामुळे सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण यांची तुलना केली तर आकडा सारखाच येतो. फरक बघायचा असेल तर पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात जावं लागतं. पेडण्यात आणि म्हापशात गोवा राज्याची २०१० सालची नियमावली चालते. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या मावश्या, आत्या पेडण्याकडे दिलेल्या आहेत. त्यामुळे हे शेजारचं गाव मुलांच्या ओळखीचंच होतं.

फळ्यावर आम्ही असं लिहिलं :

सावंतवाडी (महाराष्ट्र)
• बंद भिंत, म्हणजे चिऱ्याची किंवा विटांची : १.५ मीटरपर्यंत.
• वरचा ०.९ मीटर भाग ग्रीलचा म्हणजे आरपार दिसणारा ठेवला, तर एकूण २.४ मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते.
• कोपऱ्यावरचा प्लॉट : कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत बंद भिंत फक्त ०.७५ मीटर. वर हवं तर ०.७५ मीटर ग्रील.

पेडणे (गोवा)
• रस्त्याच्या बाजूला : एकूण १.५ मीटर, त्यात बंद भिंत ०.९ मीटरपर्यंतच.
• रस्ता नसलेल्या बाजूंना : १.८ मीटरपर्यंत.
• दोन रस्ते मिळतात तिथे : कोपऱ्यापासून ९ मीटरपर्यंत ०.९ मीटरपेक्षा उंच काहीच नाही.

आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे : गेट आतल्या बाजूला उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही. महाराष्ट्राच्या नियमातून तुरुंगाची भिंत वगळली आहे. हे ऐकून वर्ग खूप हसला. शाळा, दवाखाने यांना २.४ मीटरपर्यंत भिंतीची परवानगी मिळू शकते.

गणिताचा भाग

दशांश अपूर्णांक शिकवायला यापेक्षा चांगली उदाहरणं मला सापडली नाहीत.
१) १.५ + ०.९ = किती? (२.४ कुठून आले ते मुलांना आपोआप कळतं.)
२) पेडण्यात रस्त्याकडे ग्रील जास्तीत जास्त किती उंच? (१.५ − ०.९ = ०.६ मीटर)
३) ०.७५ मीटर म्हणजे किती सेंटीमीटर?

खरी मेख : उंची मोजायची कुठून?

इथे मी स्वतः चुकले होते. आमच्या अंगणातून भिंत १२५ सेंटीमीटर भरते. "दीड मीटरच्या आतच तर आहे," असं मला वाटत होतं. पण महाराष्ट्राचा नियम उंची मोजतो ती समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून. गोव्यातही कोपऱ्यावरची उंची रस्त्याच्या मधल्या उंचवट्यापासून धरतात. आमचं अंगण रस्त्यापेक्षा ३० सेंटीमीटर वर आहे. म्हणजे रस्त्यावरून भिंत १५५ सेंटीमीटर! कोपऱ्यावर परवानगी ७५ ची. आपल्या कोकणात सपाट जागा कुठे मिळते? कुणाचं अंगण वर, कुणाचं खाली. म्हणून हा मुद्दा मुलांकडून मोजूनच करून घ्या.

एका मुलीने लगेच विचारलं, "बाई, मग तुमची भिंत चुकली ना?" मी म्हटलं, "हो, चुकली."

कृती : कोण दिसतं, कोण नाही?

ही कृती शाळेच्या पटांगणातच घ्यावी, मुलांना रस्त्यावर उभं करू नये. दोन बाकांना पुठ्ठा लावून भिंत तयार करा. आधी १५० सेंटीमीटर, मग ९०, मग ७५. पलीकडे वेगवेगळ्या उंचीची मुलं चालतील. अलीकडे एक मुलगा खुर्चीवर बसेल, तो गाडीवाला.

आमच्या पहिलीतली सगळ्यात ठेंगणी मुलगी १०९ सेंटीमीटरची आहे. १५० च्या भिंतीमागे ती पूर्ण नाहीशी झाली. ९० ला डोकं दिसलं. ७५ ला डोकं आणि खांदे दिसले. वर्ग एकदम शांत झाला. कोपऱ्यावर भिंत बुटकी का ठेवायची, हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

चर्चेसाठी प्रश्न

• सावंतवाडीत बंद भिंत ७५ सेंटीमीटर, पण वर ग्रील चालतं. पेडण्यात ९० सेंटीमीटर, पण वर काहीच नाही. लहान मुलांसाठी कोणतं बरं?
• ग्रीलवर वेल चढवला किंवा हिरवी जाळी बांधली, तर ते आरपार राहिलं का?
• घरात गुरं, कुत्री शिरतात म्हणून भिंत हवी. रस्त्यावरून मूल दिसावं म्हणून भिंत नको. दोघांचं कसं भागवायचं?

या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नाही. दोन गावांचे आकडे वेगळे आहेत, कारण आकडा माणसांनीच विचार करून ठरवलेला असतो. पण कोपऱ्यावर भिंत बुटकी हवी, हे दोन्ही गावांनी मान्य केलंय. मुलांनी आकडा पाठ करण्यापेक्षा तो कुणासाठी आहे, हे विचारायला शिकावं, एवढंच या पाठातून साधायचं आहे.

शेवटी

घरी विषय काढला तेव्हा सासरे नाराज झाले. ती भिंत त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. म्हणाले, "पूर्वी गडगे होते, वई होती, तेव्हा कुणी मोजलं नाही." मी म्हटलं, "मामा, तेव्हा एवढ्या गाड्याही नव्हत्या." दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजपट्टी घेऊन स्वतःच रस्त्यावर उभे होते. दिवाळीच्या सुट्टीत कोपऱ्यापासून दोन्हीकडे १० मीटर चिरे काढले आणि वर ग्रील बसवलं. वेल लावायचा नाही, असं घरात ठरलंय.

पालकांनो, नवीन कुंपण घालण्याआधी नगरपरिषदेत किंवा पंचायतीत चालू नियम विचारून घ्या, कारण नियमांत दुरुस्त्या होत असतात. आणि शिक्षकमित्रांनो, शाळेजवळचे कोपरे मुलांसोबत एकदा नक्की बघा. पाठ घेतलात तर तुमच्या गावचे आकडे मला जरूर कळवा.