लघवीची जळजळ आणि अँटिबायोटिक : लिहिली तेवढी, लिहिली तशी



या महिन्याचा आरोग्यपाठ ज्या दुखण्यावर आहे, ते आपण बैठकीत कधी मोठ्याने बोलत नाही. लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, आणि गेलं तर थेंबभरच होते. गावाकडे म्हणतात, "उन्हाळी लागली." मग सब्जा भिजवतो, धणे-जिऱ्याचं पाणी पितो. तरी नाही थांबलं तर मेडिकलमधून दोन गोळ्या मागवतो. आजचा पाठ त्या दोन गोळ्यांचा आहे.

आधी एक घडलेली गोष्ट

मागच्या पावसाळ्यात घाटकोपरच्या एका वस्तीत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या. एक ताई मात्र भिंतीला टेकून, पदर गुंडाळून कुडकुडत बसली होती. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, पाठ धरलीय." ही ताई चार घरची धुणीभांडी करते. दहा-बारा दिवसांपूर्वी तिला जळजळ सुरू झाली, तेव्हा ती दवाखान्यात गेली होती. डॉक्टरांनी रोज दोन, अशा पाच दिवसांच्या दहा गोळ्या लिहून दिल्या. दोन दिवसांत बरं वाटलं. मग तिने विचार केला, उरलेल्या सहा गोळ्या वाया कशाला घालवायच्या? गावी जावेलाही तोच त्रास होता. भाचा गावी निघाला होता, त्याच्या हाती तिने गोळ्या पाठवून दिल्या.

आम्ही त्याच संध्याकाळी तिला पालिकेच्या रुग्णालयात नेलं. जंतू पूर्ण गेले नव्हते, ते वर किडनीपर्यंत पोहोचले होते. तिला काही दिवस भरती राहून इंजेक्शनं घ्यावी लागली, आणि तेवढ्या दिवसांची कामं बुडाली ती वेगळीच. तिकडे गावी जाऊ चौथ्या महिन्यात होती, आणि मुंबईत हे कोणालाच माहीत नव्हतं. नशीब, गोळी घेण्याआधी तिने आशाताईंना दाखवली. पट्टी कापलेली, नाव अर्धवट, तारीख गायब. आशाताईंनी गोळ्या बाजूला ठेवल्या आणि तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं.

कोणी चुकीच्या हेतूने काही केलं नव्हतं. उलट मायेनेच केलं होतं. म्हणूनच हा पाठ लिहावासा वाटला.

हे दुखणं होतं कशाने?

ही नुसती अंगातली उष्णता नाही. बहुतेक वेळा हा मूत्रमार्गाचा संसर्ग असतो. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू असतात. तिथे ते सहसा त्रास देत नाहीत, पण लघवीच्या वाटेत शिरले की जळजळ सुरू होते. बायकांमध्ये ही वाट जेमतेम चार सेंटिमीटरची असते. त्यामुळे जंतू पिशवीपर्यंत लवकर पोहोचतात. यात तुमचा काही दोष नाही आणि लाजण्यासारखंही काही नाही.

लघवी दाबून धरली, पाणी कमी प्यायलं की धोका वाढतो. आणि आपण ते का करतो, हे आपल्यालाच ठाऊक आहे. भाजीच्या पाटीवर बसलेली ताई, लोकलने अंधेरीला कामाला जाणारी ताई, शेतात खुरपणीला गेलेली ताई, सगळ्यांचं उत्तर एकच: "जायला जागा नाही, म्हणून पाणीच पीत नाही." याच प्रश्नावर मुंबईतल्या महिला संघटनांनी 2011 पासून 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. बायकांसाठी मोफत, स्वच्छ आणि सुरक्षित मुताऱ्या ही त्यांची मागणी. तेव्हा स्वच्छतागृह मागणं हीसुद्धा आरोग्याचीच मागणी आहे, हे ठरावाच्या वेळी लक्षात ठेवा.

डॉक्टरांना काय सांगायचं?

गोळी सुरक्षित ठरते ती डॉक्टरांपुढे आपण काय बोलतो त्यावरून. लाजून गप्प बसू नका. एवढ्या गोष्टी सांगायच्याच:

1. पाळी चुकली आहे का, दिवस गेले आहेत का, बाळ अंगावर पितं का. काही अँटिबायोटिक गरोदरपणात चालत नाहीत.
2. आधी कुठल्या गोळीने अंगावर पुरळ, खाज, सूज आली होती का. सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.
3. साखर, रक्तदाब, किडनी यांचा आजार आहे का आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. रक्तवाढीची लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी हीसुद्धा गोळीच, तीही सांगा.
4. गेल्या काही महिन्यांत याच त्रासासाठी कोणतं औषध घेतलं होतं.
5. अंगावरून पांढरं जातं आणि खाज आहे का. तो आजार वेगळा असू शकतो, त्याचं औषधही वेगळं.

डॉक्टरांनी लघवीची तपासणी किंवा कल्चर सांगितलं, तर नमुना पहिली गोळी घेण्याआधी द्या. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली बाटलीत धरायची. कल्चरच्या रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, पण नेमकी कोणती गोळी लागू पडेल ते त्यातून कळतं.

गोळी घ्यायची कशी?

*दिवस मोजून घ्या.* तीन दिवस लिहिले तर तीन, सात लिहिले तर सात. बरं वाटलं म्हणून स्वतःहून थांबवायचं नाही आणि मनाने वाढवायचंही नाही. बदलायचं असेल तर डॉक्टरांनाच विचारायचं.

*वेळ पाळा.* दिवसातून दोनदा म्हणजे साधारण बारा तासांनी, सकाळी आठ आणि रात्री आठ. मोबाइलला गजर लावा, नाहीतर कॅलेंडरवर खूण करा. एखादी राहिली तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

*कशाबरोबर घ्यायची ते विचारा.* सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी दुधाबरोबर किंवा दुधाच्या चहाबरोबर नको, साध्या पाण्याने घ्या. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर ही गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, नाहीतर ती अंगी लागत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र जेवणाबरोबर घ्यायची. तिने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, घाबरू नका. फॉस्फोमायसिनची पूड पाण्यात विरघळवून बहुधा एकदाच घेतात. एकदाच म्हणजे औषध कमी असं नाही.

लघवीची जळजळ कमी करणारं सिरप हे जंतू मारणारं औषध नव्हे. ते घेतलं म्हणून गोळी सोडायची नाही.

कधी धावत जायचं?

पुरळ उठलं, ओठ-चेहरा सुजला, दम लागला, तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा. जोराचे जुलाब किंवा शौचातून रक्त, टाचेच्या मागची शीर दुखू लागणं, हेही लगेच सांगा. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, यांत रात्र काढू नका. दोन दिवस गोळी घेऊनही फरक नसेल तर परत जा. गरोदर ताईने तर साध्या जळजळीतही घरी थांबू नये, कारण या संसर्गाने बाळ वेळेआधी जन्माला येण्याचा धोका वाढतो. गाडीची सोय नसेल तर 108 नंबर लावा.

उरलेली गोळी आणि लाल रेघ

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1928 मध्ये लावला. 1945 मध्ये नोबेल पारितोषिक घेताना त्यांनी एक कल्पित उदाहरण सांगितलं. एका माणसाने घशासाठी हे औषध अपुरं घेतलं. जंतू मेले नाहीत, उलट औषधाला सरावले. तेच जंतू त्याच्या बायकोला लागले, आणि तिच्यावर औषध चाललं नाही. ती दगावली. अर्धवट घेतलेल्या औषधाचा भार घरातल्या दुसऱ्यावर पडतो, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

आज लघवीच्या संसर्गात पूर्वीच्या बऱ्याच गोळ्या आपल्या देशात नीट लागू पडत नाहीत. म्हणून 2016 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने लाल रेघेची मोहीम काढली. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की समजायचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. दुकानदाराने पट्टी कापून दिली तर नाव आणि तारीख वाचता येईल असा तुकडा मागून घ्या.

आता खरी अडचण. खूप ताई मला सांगतात, "दोन दिवसांचेच पैसे होते, म्हणून दोन दिवसांच्याच घेतल्या." हे डॉक्टरांना तोंडावर सांगा. स्वस्तातली जेनेरिक लिहून मागा, जनऔषधी केंद्रात विचारा. मुंबईत पालिकेचा दवाखाना, गावात आरोग्य केंद्र, तिथे औषध मिळतं. आणि आपला गट आहे कशाला? बी-बियाण्याला, फीला अंतर्गत कर्ज देतो, तसं औषधालाही द्या. पूर्ण औषधाचा खर्च भरतीच्या खर्चापुढे काहीच नाही.

मुंबईहून गावाला खाऊ पाठवा, साडी पाठवा, गोळ्या पाठवू नका. फोन करून जावेला एवढंच सांगा, "आधी लघवी तपासून घे."

पुढच्या बैठकीत बोलूया

1. घरातल्या डब्यात कोणत्या उरलेल्या गोळ्या आहेत? बैठकीला आणा, लाल रेघ कशावर आहे ते मिळून पाहू.
2. आपल्यापैकी कोण कामावर पाणी पिणं टाळते, आणि का?
3. औषधासाठी गटातून तातडीचं कर्ज देण्याचा नियम करायचा का?

घाटकोपरची ती ताई आता बरी आहे. हे छापायला तिनेच परवानगी दिली. म्हणाली, "माझं नाव नको टाकूस, पण गोष्ट टाक."

तुमची,
क्षेत्र समन्वयक