इंग्रजीचा अभ्यासक्रम आणि पुस्तक निवडताना

मोसम नदीकाठचे मालेगाव यंत्रमागाचे शहर म्हणून सर्वपरिचित आहे. येथे मराठी व उर्दू या दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. पाल्याला इंग्रजी यावे, ही मागावरील कामगाराची आणि तालुक्यातील शेतकऱ्याची सारखीच इच्छा असते. त्यासाठी पदरमोड करून शिकवणीची फी भरली जाते, जाडजूड पुस्तके घेतली जातात. निवड चुकली तर पैसा जातोच. शिवाय ‘आपल्याला इंग्रजी येणारच नाही’ अशी मुलाची समजूत होते. हे दुसरे नुकसान अधिक मोठे होय.

पातळी आधी, पुस्तक नंतर

राज्यात २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तथापि नववीतील प्रत्येक मुलाची वाचनाची पातळी नववीचीच असेल असे नाही. म्हणून पुस्तकातील सुमारे शंभर शब्दांचा उतारा मुलाला वाचावयास द्यावा. पाचांहून अधिक शब्द अडले, तर ते पुस्तक तूर्त बाजूस ठेवावे. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालभारती’ची मागील इयत्तांची पुस्तके या कामी पायरीसारखी वापरता येतात.

भाषा सोपी, विषय वयाचा

पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती बालगीतांचे पुस्तक दिल्यास तो संकोचतो. त्याला साहस, शोध, खेळ, यंत्रे यांवरील मजकूर हवा. मात्र तो सोप्या भाषेत हवा. मर्यादित शब्दांत लिहिलेली क्रमिक वाचनमाला याच हेतूने तयार झाली. ढाक्यात अध्यापन केलेले मायकेल वेस्ट हे या पद्धतीचे एक प्रवर्तक. त्यांनी १९५३ साली सुमारे दोन हजार उपयुक्त इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली.

वाचनाचा लाभ किती होतो, हे फिजी बेटांवरील ग्रामीण प्राथमिक शाळांत दिसून आले. तेथे काही वर्गांना गोष्टींची सुमारे २५० इंग्रजी पुस्तके पुरविण्यात आली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, आठ महिन्यांत या मुलांची वाचनातील प्रगती इतर वर्गांच्या जवळजवळ दुप्पट झाली.

वर्गाची पारख

शिकवणीवर्ग निवडताना जाहिरातीपेक्षा चार प्रश्न महत्त्वाचे आहेत. वर्गात मुले किती? प्रत्येकाला रोज बोलण्याची संधी मिळते काय? वह्या तपासून चुका समजावून दिल्या जातात काय? अवघड भाग मुलाच्या घरच्या भाषेत, मराठीत वा उर्दूत, उलगडून सांगितला जातो काय? एक-दोन दिवस वर्गात बसू द्यावे, अशी विनंती पालकांनी अवश्य करावी. संपूर्ण फी एकदम न भरता हप्त्याने भरावी व पावती घ्यावी. ‘महिन्याभरात अस्खलित इंग्रजी’ या आश्वासनावर विसंबू नये.

शाळा व ग्रामपंचायतीचे कार्य

प्रत्येक कुटुंबास पुस्तके विकत घेणे शक्य नसते. शाळेने वा गावच्या वाचनालयाने पातळीनिहाय पुस्तकांची एक पेटी ठेवली, तर एकच पुस्तक अनेक हातांत जाईल. निवड शिक्षकांनी करावी, खर्चाची तरतूद ग्रामपंचायतीने पाहावी आणि देवघेवीची नोंदवही मुलांकडेच सोपवावी. कोणती पुस्तके वारंवार नेली जातात, हे त्या वहीवरून कळेल आणि पुढील वर्षाची खरेदी अधिक डोळसपणे करता येईल.