उन्हाचे माप

नाशिक जिल्ह्यात निफाड, येवला, सिन्नर या बाजूंना चैत्र-वैशाखात उन्हाळी कांद्याची काढणी चालते. जमिनीतून नुकताच उपटलेला कांदा ओला असतो. तो तसाच पोत्यात भरला, तर लवकरच कुजू लागेल. त्याची मान सुकावी आणि वरचे साल कोरडे व्हावे, म्हणून शेतकरी तो तीन-चार दिवस शेतातच राहू देतो. परंतु तो उघडा मात्र टाकीत नाही. एका ओळीची पात शेजारच्या ओळीतील कांद्यांवर पसरेल, अशा बेताने तो कांदे मांडीत जातो. पात उन्हात आणि कांदा पातीच्या सावलीत! एवढी काळजी न घेतल्यास कांद्याची उन्हाकडील बाजू भाजून मऊ पडते आणि असा कांदा साठवणीत टिकत नाही. द्राक्षांच्या बागेतही हीच कसरत असते. वेलीच्या पानांना भरपूर ऊन मिळाल्यावाचून मण्यांत साखर भरत नाही. पण तेच ऊन थेट घडांवर पडले, तर मणी करपतात. म्हणून कित्येक बागाईतदार घडाघडाला वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात.

शेतकऱ्याला पिकाच्या बाबतीत जे अनुभवाने कळले, ते मनुष्याच्या शरीराच्या बाबतीत शास्त्रज्ञांना कळावयास फार काळ लागला. ते कळण्याच्या कामी नाशिक शहराचाही काही वाटा आहे, ही गोष्ट खुद्द नाशिककरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल.

मुडदूस हा लहान मुलांचा एक रोग आहे. या रोगात मुलाची हाडे मऊ राहतात. मूल उभे राहू लागले, की अंगाच्या भाराने त्याचे पाय धनुष्यासारखे वाकतात. छातीच्या फासळ्यांवर गाठी येतात. दात उशिरा येतात. मोठ्या माणसांतही, विशेषतः बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत, हाडे अशीच मऊ होतात. मग कंबर दुखते, चालणे कठीण होते आणि कमरेचे हाड वाकले, तर पुढचे बाळंतपण जिवावर बेतते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील कारखान्यांच्या शहरांत या रोगाने हजारो मुले पंगू केली. चिमण्यांच्या धुराने तेथील आकाश काळवंडलेले असे आणि गल्ल्या इतक्या अरुंद होत्या, की ऊन जमिनीपर्यंत पोहोचतच नसे.

थिओबाल्ड पाम हा इंग्रज डॉक्टर काही वर्षे जपानात राहिला होता. तेथे त्याला मुडदूस जवळजवळ आढळला नाही. त्याने निरनिराळ्या देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांकडून पत्रे मागविली आणि १८९० साली असे मत मांडले, की जेथे ऊन भरपूर तेथे हा रोग नाही. सूर्यप्रकाशाचा अभाव हेच त्याचे मूळ होय. त्या वेळी या मताकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुष्कळ डॉक्टरांना वाटे, की दोष अन्नाचा आहे. कारण कॉड नावाच्या माशाच्या यकृताचे तेल पाजले, की मुडदुसाची मुले बरी होत, हा सर्वांच्या अनुभवातील प्रकार होता. मग खरे कारण कोणते? अन्न, की ऊन?

या वादात हिंदुस्थान हे मोठे कोडेच ठरले. येथे वर्षातील बहुतेक महिने लख्ख ऊन पडते. पामचे म्हणणे खरे असेल, तर येथे मुडदूस असताच कामा नये. आणि तरीही तो होता. हचिसन व शहा या दोन संशोधकांनी नाशिक येथे या प्रश्नाचा अभ्यास केला आणि आपले निष्कर्ष १९२२ साली इंग्लंडातील एका वैद्यकीय त्रैमासिकात प्रसिद्ध केले. त्यांना जे आढळले, ते प्रथमदर्शनी उलटेच वाटते. रोग होता तो सुखवस्तू घरांत! ज्यांच्या घरी दूधदुभते होते, खाण्यापिण्यास तोटा नव्हता, अशा कुटुंबांतील स्त्रियांची व तान्ह्या मुलांची हाडे मऊ होती. उलट जी गरीब कुटुंबे कोरडी भाकरी खाऊन दिवसभर उन्हातान्हात राबत होती, त्यांच्या मुलांचे पाय सरळ होते.

याचे कारण घराच्या आतच होते. त्या काळी प्रतिष्ठित घराण्यांत, मग ती मुसलमानांची असोत वा हिंदूंची, स्त्रिया गोषात राहत. मुलगी लहान वयात सासरी येई आणि मग तिचे आयुष्य वाड्याच्या आतल्या दालनांत जाई. बाळंतपण होई ते अंधाऱ्या खोलीत, आणि कित्येक महिने माय-लेकरू त्याच खोलीत राही. दाराबाहेर नाशिकचे ऊन रणरणत होते. पण त्याचा एक किरणही त्या बाळाच्या अंगाला लागत नव्हता. देश उन्हाचा असून भागत नाही. ऊन कातडीपर्यंत पोहोचावे लागते, ही गोष्ट या अभ्यासाने उघड झाली. आणि अन्नावर सारा दोष टाकणाऱ्यांनाही विचार करणे भाग पडले. कारण येथे चांगले अन्न खाणारेच आजारी होते.

नाशिकच्या या पाहणीच्या थोडेच आधी, १९१९ साली, बर्लिन शहरात कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टराने मुडदूस झालेल्या मुलांवर एका विशिष्ट दिव्याचा प्रकाश पाडून पाहिला. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे जे अतिनील किरण असतात, तेच या दिव्यातून निघत. काही आठवड्यांतच मुलांची हाडे बळकट होऊ लागली. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी, की प्रकाश एकाच हातावर पाडला, तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. याचा अर्थ असा, की किरण हाडांवर थेट काम करीत नसून कातडीत काही तरी तयार होत होते आणि ते रक्तावाटे सर्व शरीरभर पसरत होते.

ते काही तरी म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व. आपल्या कातडीत एक स्निग्ध द्रव्य असते. अतिनील किरण त्यावर पडले, की त्याचे या जीवनसत्त्वात रूपांतर होऊ लागते. यकृत आणि मूत्रपिंड त्याला अखेरचे, कामाचे रूप देतात. अन्नातील कॅल्शियम आतड्यांतून रक्तात शोषले जाते, ते याच्याच बळावर. पोटभर दूध प्यालो, परंतु हे जीवनसत्त्व नसले, तर दुधातील कॅल्शियमचा फार मोठा भाग तसाच वाया जातो. गोषातील त्या स्त्रियांचे नेमके असेच झाले होते. कॉड माशाच्या तेलाचे कोडेही येथेच सुटले. त्या तेलात ‘ड’ जीवनसत्त्व आयतेच असते. अन्नवाले आणि ऊनवाले दोघेही आपापल्या परीने खरे होते! या द्रव्यांच्या रचनेच्या शोधाबद्दल जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ विंडाउस यांना १९२८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कातडीत जीवनसत्त्व तयार करणारे हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. काचेआड बसून अंग शेकले जाईल, पण हाडांना त्याचा लाभ नाही. गोषाची चाल आज पुष्कळच मागे पडली आहे. परंतु बंद घर, बंद वाहन, बंद वर्ग आणि संध्याकाळी दिव्याखाली खेळ असा ज्या मुलाचा दिवस जातो, ते मूल उन्हाच्या दृष्टीने त्या जुन्या वाड्यातील अंधाऱ्या खोलीतच आहे. भारतातील शहरांत अलीकडे झालेल्या अनेक पाहण्यांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळली आहे, याचे नवल वाटावयास नको.

मग मनुष्याने दिवसभर उन्हातच बसावे काय? निसर्गाने तसे ठरविलेले दिसत नाही. ठरावीक वेळेनंतर कातडी जास्तीचे जीवनसत्त्व स्वतःच मोडून टाकते. त्यापुढचे ऊन हाडांच्या काही कामाचे नसते. तोटा मात्र होत राहतो. जे अतिनील किरण हाडे घडवितात, तेच कातडीतील पेशींना इजाही करतात. प्रथम कातडी लाल होते, हुळहुळते, मग तिचे पापुद्रे निघतात. वर्षानुवर्षे असे होत राहिले, तर ती अकाली सुरकुतते आणि काहींना कातडीचा कर्करोग होतो. कातडीतील मेलॅनिन हे काळसर द्रव्य या किरणांना अडविते. म्हणून सावळ्या माणसाला गोऱ्यापेक्षा या रोगाचे भय पुष्कळच कमी. परंतु त्याच कारणाने, तितकेच ‘ड’ जीवनसत्त्व तयार होण्यास सावळ्या कातडीला ऊनही अधिक वेळ लागते. सावळा रंग म्हणजे अंगावर बाळगलेली छत्रीच होय. आणि या छत्रीची लाज वाटून गोरेपणाची मलमे चोपडणे हा मोठा वेडेपणा आहे.

डोळ्यांना मात्र अशी छत्री नाही. अतिनील किरणांचा मारा पुष्कळ वर्षे होत राहिल्यास मोतीबिंदू लवकर होण्याची भीती असते. सूर्याकडे टक लावून पाहणे तर अत्यंत घातक. ग्रहणाच्या वेळी सूर्य झाकलेला असल्याने त्याकडे पाहवते आणि म्हणूनच घात होतो. डोळ्याच्या आतील पडदा भाजतो, पण त्याला वेदना कळत नसल्याने ते त्या क्षणी समजतसुद्धा नाही.

उन्हाचा दुसरा धोका उष्णतेचा. तो या अदृश्य किरणांहून अगदी वेगळा आहे. हिवाळ्यात ब्रह्मगिरीच्या माथ्यावर गार वारा सुटलेला असताना कातडी भाजू शकते. आणि उलट, पत्र्याच्या छपराखाली, ऊन अंगाला न लागताही, उष्माघात होऊ शकतो. आपले शरीर घामाच्या साहाय्याने स्वतःला थंड ठेवते. घाम सुकताना अंगातील उष्णता घेऊन जातो. अंगातील पाणी संपले, किंवा हवा इतकी दमट असली की घाम सुकेना, तर ही व्यवस्था कोलमडते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर एका समारंभासाठी लाखो लोक जमले होते. त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपासच होता. तरीही कित्येक तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांना उष्माघाताने प्राण गमवावे लागले. नाशिकला उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, पण हवा कोरडी असते. त्यामुळे घाम चटकन सुकतो आणि अंगातील पाणी किती गेले हे कळतच नाही. घरातील वडीलधारी माणसे शेतावर निघालेल्याला पागोटे, टोपी किंवा ओले फडके डोक्यावर घेण्यास सांगतात, पाण्याचा तांब्या पुढे करतात, त्यामागे हाच अनुभव आहे. उष्माघात झालेल्या माणसाला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. तो शुद्धीवर नसेल, तर मात्र त्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

उन्हाचे माप घ्यावयाचे कसे? त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. आपली सावली पुरते. सूर्य जितका वर, तितकी सावली आखूड आणि अतिनील किरण तितके प्रखर. सावली आपल्या उंचीहून पुष्कळ लांब असते, तेव्हाचे ऊन सुखाचे असते. पण त्यात हाडांना उपयोगी किरण फारच थोडे असतात. तान्ह्या बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची आपल्याकडील रीत चांगली आहे. मात्र ते ऊन अगदी उगवतीचे असेल, तर बाळाला ऊब मिळेल, जीवनसत्त्व बेताचेच मिळेल. सावली आपल्या उंचीइतकी झाली, की किरण कामाचे होतात. ती फारच आखूड झाली, की झाडाखाली जावे. नाशिकला डिसेंबरअखेर ही सावली दुपारी साडेबाराच्या आगेमागे तासाभरापुरतीच उंचीहून किंचित आखूड असते. तेव्हा दुपारच्या सुट्टीत हातपाय उघडे ठेवून अर्धा तास पटांगणावर खेळण्यास काहीच हरकत नाही. मे महिन्यात मात्र सकाळी साडेनऊच्या आधीच सावली उंचीहून आखूड होते आणि दुपारी पावणेचारपर्यंत तशीच राहते. तेव्हा पंधरा-वीस मिनिटांचे ऊन सकाळीच घेतलेले बरे.

नाशिकच्या सावलीची एक गंमत आहे. मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि जमिनीत सरळ रोवलेल्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैच्या २३ तारखेच्या सुमारासही असेच घडते, परंतु तो दिवस बहुधा पावसाळी ढगांत जातो. मेमधील तो क्षण ज्याला पाहावयाचा असेल, त्याने काठी आदल्या दिवशीच ओळंब्याने सरळ रोवून ठेवावी, साडेबाराला डोक्याला रुमाल बांधून तेथे जावे आणि सूर्याकडे नव्हे, तर काठीच्या बुंध्याकडे पाहावे.