अ‍ॅल्युमिनियमचा जॉब हार्ड अ‍ॅनोडायझिंगला पाठवण्याआधी हे गणित करा

प्रोसेस तुम्ही व्हिडिओत पाहिलीच. आज त्यातलं मापाचं गणित लिहून देतो. याच गणितात माझे 120 बुश भंगारात गेले होते.

आधी बेसिक. अ‍ॅल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा थर येतो, पण तो फारच पातळ. जॉब सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या टाकीत पॉझिटिव्हला जोडून डीसी करंट सोडला की हा थर जाड होतो. हेच अ‍ॅनोडायझिंग.

साधं: साधारण 5 ते 25 मायक्रॉन. रंग छान घेतं, गंजापासून वाचवतं.
हार्ड: टाकी 0 अंशाच्या आसपास थंड ठेवतात. थर 25 ते 50 मायक्रॉन, कधी त्याहून जास्त. घासणाऱ्या पार्टसाठी हेच.

एक गैरसमज काढून टाका. कडक होतो तो फक्त पृष्ठभाग, आतला धातू होता तसाच राहतो. आतून ताकद हवी असेल तर योग्य अलॉय आणि हीट ट्रीटमेंट बघा, उदा. 6061-टी6. उलट जाड थर ठिसूळ असतो. सतत कमी-जास्त लोड येणारा पार्ट त्यामुळे लवकर तडकू शकतो. अशा ठिकाणी आधी शॉट पीनिंग करून घेतात.

आता माझी चूक. ड्रॉइंगवर फिनिश बोअर 20एच7, म्हणजे 20.000 ते 20.021 मिमी. मी बोअर 20.010 ला फिनिश केला आणि 50 मायक्रॉन हार्ड करून आणलं. थर साधारण अर्धा आत जातो, अर्धा बाहेर वाढतो. म्हणजे एका बाजूला 25, व्यासात 50 मायक्रॉन. बोअर झाला 19.960. सगळा लॉट रिजेक्ट! बोअर आधीच 50 मायक्रॉन मोठा, म्हणजे 20.060 ठेवायला हवा होता.

कोटेशन देण्याआधी तीन गोष्टी विचारा:

1. अलॉय कोणता? 6061 वर थर चांगला येतो. 2024 मध्ये तांबं जास्त, तिथे त्रास होतो.
2. थर किती मायक्रॉन?
3. ड्रॉइंगवरचं माप थराआधीचं की नंतरचं?

तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या. आणि पूर्ण लॉट पाठवण्याआधी दोन पीस करून मोजा. दोन पीसचा खर्च परवडतो, 120 चा नाही!