विंडसरमधील नाताळची झाडे

इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स आल्बर्ट हे मूळचे जर्मनीतील कोबुर्गचे. नाताळात घरात झाड शृंगारण्याची आपल्या देशातील चाल त्यांनी विंडसरच्या राजवाड्यात मोठ्या हौसेने चालविली. तेथे एका झाडावर भागत नसे. राणीचे झाड आल्बर्ट सजवीत, तर आल्बर्टचे झाड राणी आपल्या आवडीने सजवी. राणीच्या मातोश्रींचे झाड निराळे. आणि मुलांना तर स्वतःचे हवेच!

मुलांच्या झाडाचे चित्र १८४८ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकात छापून आले. झाड सुमारे आठ फूट उंच होते. फांद्यांचे सहा थर, प्रत्येक थरावर डझनभर मेणबत्त्या, खाली लोंबणाऱ्या खाऊच्या सुबक टोपल्या, आणि शेंड्यावर पंख पसरलेला चिमुकला देवदूत! ते चित्र पाहून इंग्लंडातील कित्येक घरांत अशी झाडे दिसू लागली.

१८६० च्या नाताळात तर राणीच्या दालनातील झुंबरे उतरवून त्यांच्या जागी मेणबत्त्यांनी उजळलेली झाडेच छताला टांगण्यात आली.

पुढच्याच वर्षी, १४ डिसेंबर रोजी, आल्बर्ट विंडसरमध्ये निधन पावले. नाताळ आठवड्यावर आला असता राणी तो राजवाडा सोडून वाइट बेटावरील ऑसबर्न येथे निघून गेली.